राखीव म्हणजे काय, हे मला कुणी सांगितले नाही

मित्रांनो, सोलापूरच्या भवानी पेठेतील एका इंटरनेट कार्यालयात भिंतीवर टांगलेला मी एक जुना राउटर आहे. निरोपावरचा पत्ता वाचायचा आणि त्याला पुढची वाट दाखवायची, एवढेच माझे काम. बारा वर्षे मी ते इमानाने केले. आमचे अभियंते कमलाकरराव स्वतःच्या रुमालाने माझी धूळ पुसत आणि म्हणत, "हा कधी दगा देत नाही." मी फुगून जाई.

इंटरनेटच्या नियमांच्या पुस्तकात काही पत्त्यांपुढे एकच शब्द होता: राखीव. कुणासाठी, कधीपर्यंत, त्यांचे निरोप न्यायचे की अडवायचे, याचा काही पत्ता नाही. कमलाकररावांनी ते अडवायला सांगितले. मी अडवू लागलो.

यंदा वळसंग गावच्या सेवा केंद्रात, जिथले निरोप माझ्यातूनच जातात, संगणकांना द्यायचे पत्ते संपले. केंद्र चालवणाऱ्या सोमशेखरने एका सकाळी त्यांना राखीव पत्ते लावले. त्याच दिवशी मेंढ्या राखणाऱ्या गोजाबाई लेकीला, रुपालीला, घेऊन तिथे आल्या. नर्सिंगचा प्रवेश पाचच्या आत नक्की करायचा होता. तिचा फॉर्म दिवसभर माझ्या दारी येत राहिला आणि मी तो टाकून देत राहिलो. साइटच हळू चालते आहे, असे समजून सोमशेखर थांबला. साडेचारला त्याने फोन केला. कमलाकररावांनी तो स्पीकरवर घेतला.

"अहो, राखीव म्हणजे हात लावायचा नाही. एसटीत राखीव सीट रिकामी दिसली, तर बसता का?"

"बसतो की सर. बाई आली की उठतो."

दोघे चिडले. पुस्तक उघडले, पुन्हा वाद झाला. मध्येच रुपालीचा आवाज आला, "सर, माजी जागा बी राखीवच हाय. पाचला जाती ती."

पाच वाजून बारा मिनिटांनी कमलाकररावांनी माझा नियम बदलला. तिचा फॉर्म माझ्यातून गेला. पलीकडून उत्तर आले, 'मुदत संपली आहे.' ते मात्र मी क्षणात वळसंगला पोहोचवले. त्या क्षणी मला माझ्या वेगाची लाज वाटली.

फोन अजून चालूच होता. गोजाबाई म्हणाल्या, "चल गं. मेंढरं कोंडायची हायत."

मित्रांनो, आता मी भंगारात जाणार आहे, माझी काळजी करू नका. काळजी शब्दांची घ्या. राखीव लिहाल, तर कुणासाठी तेही लिहा. माझ्या जागी आणलेल्या नव्या राउटरपुढे ते पुस्तक उघडून ठेवले आहे. त्यात अजून तेवढाच एक शब्द आहे.