आईकडून आलेली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी पहारेकरीण आहे. शाळेच्या पुस्तकात मला प्रतिपिंड म्हणतात. लोह्याजवळच्या एका गावात शिवांगी नावाची तान्ही मुलगी आहे, तिच्या रक्तातून मी फिरते. पण मी मूळची तिची नाही. मी तिच्या आईची, दीपमालाची.

माझं घराणं एका तापात जन्मलं. दीपमाला वर्षाचीही नव्हती तेव्हा तिच्या माहेरी, भोकरला, गोवराची साथ आली. तिची लस काही ना काही निमित्तानं राहून गेली होती. अंगभर पुरळ उठला, डोळे चिकटले, कान फुटला. तिच्या शरीरानं तो विषाणू कधी पाहिलाच नव्हता. त्याला नेमकं धरणाऱ्या पहारेकरणी तयार होईपर्यंत बराच वेळ गेला. अखेर आम्ही जिंकलो, पण तिचा डावा कान गेला तो गेलाच. त्या शत्रूचा चेहरा मात्र शरीर विसरलं नाही. तिच्या हाडांच्या मगजात आमचा कारखाना तेव्हापासून चालू आहे.

मीही तिथंच घडले. शिवांगी पोटात होती तेव्हा वारेनं, पोटातल्या बाळाला पोसणाऱ्या त्या अवयवानं, आम्हाला निवडून निवडून तिच्याकडे पाठवलं. ती जन्मली तेव्हा तिचं स्वतःचं सैन्य अगदी कोवळं होतं, आपलं कोण आणि परकं कोण हे अजून शिकत होतं. तोवर पहारा आमचा.

काय दिवस होते ते! बघायला येईल तो बाळाचे पापे घ्यायचा. दीपमाला मागं साबण घेऊन उभी. तिच्या सासूबाई, तुळजाबाई, हसायच्या, "पोरीला काय काचेत ठेवतीस का?" आणि शेजारणी म्हणायच्या, पोरगी लई गुणाची, साधी शिंकत न्हाई. त्याचं श्रेय गालावरच्या तिटेला जायचं. आम्हाला त्याचं वाईट वाटलं नाही.

पण आम्हाला मुलंबाळं होत नाहीत, मित्रांनो. आम्ही झिजतो आणि कमी होत जातो. शिवांगी नऊ महिन्यांची झाली तेव्हा आम्ही मोजक्याच उरलो होतो. गोवराची लस द्यायची वेळ हीच.

अडचण एवढीच, की आधीच्या सुईनं शिवांगीची मांडी टणक सुजली होती आणि ती दिवसभर तापानं फणफणली होती. तुळजाबाई ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत तिच्यापाशी बसून होत्या. म्हणून अंगणवाडीत लसीचा दिवस आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुला गोवर येऊन गेलाय. तुझंच रक्त हाय तिच्यात. कशाला पुन्हा लेकराला ताप आणायचा?"

दीपमाला बी.एस्सी. झालेली. आईचं संरक्षण बाळाला मिळतं हे तिनं वाचलं होतं. ते फार दिवस टिकत नाही हेही वाचलं होतं, पण भीतीनं ते तेवढं मागं सारलं. त्या गेल्या नाहीत. मला ओरडून सांगावंसं वाटलं, बायांनो, तुमचं खरं आहे, पण ते सहा महिन्यांपूर्वीचं खरं आहे!

मग पलीकडच्या गल्लीत प्रेम नावाच्या मुलाला गोवर निघाला. त्यांच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला. दीपमालानं खिडक्या लावून घेतल्या. गोवर हवेतून येतो आणि खिडकीला फट असतेच. आता तो आला असता, तर मी आणि माझ्या दमलेल्या बहिणी त्याला अडवू शकलो नसतो.

त्या दुपारी दीपमाला सुपात ज्वारी निवडत होती. तिच्या डाव्या बाजूला वाकळेवर शिवांगी होती. आणि शिवांगीनं हाक मारली, "आई." पुन्हा मारली. दीपमाला निवडतच राहिली. तुळजाबाई दारातून म्हणाल्या, "अगं, पोरगी आई म्हणून राहिली. ध्यान कुठं हाय तुझं?"

दीपमाला वळली तोवर शिवांगी गप्प झाली होती. लेकीची पहिली हाक निघून गेली होती. लग्न ठरल्यापासून सासरी जे कधी सांगितलं नव्हतं, ते तेव्हा तिच्या तोंडून निघालं.

"आत्याबाई, मला ह्या कानानं ऐकू येत नाही. गोवरानं नेला. आणि माझ्या आईलाही लहानपणी गोवर येऊन गेला होता, तरी मला झालाच."

तुळजाबाईंनी तिच्या पुढ्यातलं सूप बाजूला सारलं. मग आत गेल्या आणि शिवांगीचं टोपडं घेऊन आल्या.

"ऊठ. लोह्याला जाऊ. काळीपिवळी जीप उभी हाय."

तिथल्या सरकारी दवाखान्यात शिवांगीला लस मिळाली. लसीतून आला तो तोच चेहरा, गोवराचा, पण दुबळा केलेला. माझी जन्माची सवय त्याच्यावर झडप घालायची. मी भरात असते, तर त्याला तिथंच धरलं असतं आणि शिवांगीचं सैन्य काहीच शिकलं नसतं. म्हणून तर नऊ महिने थांबायचं असतं. आता अंगात बळ नव्हतं. मी बाजूला झाले. कोवळ्या पेशी पुढं आल्या, त्याच्याभोवती गोळा झाल्या, त्याला निरखून पाहू लागल्या.

काही दिवसांनी शिवांगीचं अंग कोमट झालं. दीपमाला सारखी कपाळाला हात लावून बघत होती. तुळजाबाई फडकं भिजवत म्हणाल्या, "घाबरू नको माय. नर्सबाईनं सांगितलंय न्हाई का? आतून तयारी करून राहिली ती."

खरंच होतं ते. त्याच उबेत नव्या पहारेकरणी बाहेर पडल्या. शिवांगीच्या स्वतःच्या. त्यांतली एक मला ओळख न दाखवता तरातरा पुढं निघून गेली. तिच्याकडे पाहून माझा जीव निवला.

मित्रांनो, तुमच्या घरात तान्हं भावंड असेल, तर त्याची लस वेळेवर द्यायला मोठ्यांच्या मागं लागा. दुसरा डोस येतो, तोही चुकवू देऊ नका. मनात भीती असेल तर दवाखान्यात जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. आणि आईवर रुसलात कधी, तर एवढं ध्यानात ठेवा: तुम्हाला काही कळायच्या आधी तिनं आपल्या अंगातला पहारा काढून तुमच्याभोवती उभा केला होता. आम्ही दमून गळून गेलो, तेव्हाच तुमचा स्वतःचा पहारा सुरू झाला.