द्वितीयेची भरती

आमच्या घराण्यात भरती केव्हा यावी हे समुद्र ठरवत नाही, तिथी ठरवते. तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे. जो आकडा येईल त्या वाजता भरती. गुहागरला माझ्या आजेसासऱ्यांनी या हिशेबावर जन्मभर होड्या सोडल्या आणि तिथे तो कधी चुकला नाही, हे मी नाकारत नाही. माझे यजमान श्रीकांत बँकेच्या बदलीवर सुरतेला आले तेव्हा देवघर आणि पाटावरवंट्याबरोबर हा हिशेबही आला. इथे, खंबातच्या आखाताच्या तोंडाशी, भरती कोकणाहून कित्येक तास उशिरा येते, ही क्षुल्लक बाब कोणाला विचारण्याची गरज त्यांना भासली नाही. मला ती त्या संध्याकाळी कळली.

डुमसच्या किनाऱ्यावर गर्दी असते म्हणून त्या रविवारी आम्ही इच्छापोर ओलांडून सुंवालीला गेलो. श्रीकांत, मी, आठ वर्षांची अपर्णा आणि माझ्या सासूबाई पुष्पाबाई. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हते. पाण्यापासून सावध राहण्याविषयी एक गुजराती फलक होता. श्रीकांतनी तो मोठ्याने वाचला आणि पोहता न येणाऱ्यांसाठी आहे असा निर्वाळा दिला. त्यांना स्वतःला पोहता येत नाही. घोटाभर पाण्याची एक घळ ओलांडून आम्ही पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर गेलो. सासूबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून त्यांच्यासाठी घडीची खुर्ची मांडली. थालीपिठांचा डबा उघडला.

"मम्मी, जो ने," अपर्णा म्हणाली, "पाणी पाछळ पण आव्युं."

मी मागे वळून पाहिले. घळ दुप्पट रुंद झाली होती आणि तिच्यातले गढूळ पाणी आवाज न करता एका दिशेने धावत होते.

"उतरताना असंच दिसतं," श्रीकांत म्हणाले. "वद्य द्वितीया. बे त्रिक सहा, भागिले चार, दीड. दीडला भरती होऊन गेली."

"अहो, मघाशी घोटाभर होतं."

"शैलजा, तू संस्कृत शिकव. समुद्र मला कळतो."

"बस गो खाली," सासूबाई म्हणाल्या. "मामंजींचा हिशेब आहे तो. थालीपीठ घे."

मी अपर्णाची चप्पल पाण्याच्या कडेशी ठेवली. हिशेबाप्रमाणे पाण्याने तिच्यापासून दूर जायला हवे होते. माझे बोट तिच्यावरून निघते न निघते तोच ती तरंगू लागली. श्रीकांतनी घड्याळाकडे पाहिले, चार वाजत आले होते; मग चपलेकडे पाहिले आणि ते ताडकन उठले.

"आई, ऊठ. पाणी चढतंय."

"चढेल कसं? द्वितीया ना आज?"

"ऊठ गं आई!"

त्यांनी दंड धरून ओढले तशी त्या किंचाळल्या. दोन्ही हातांनी त्यांनी खुर्ची घट्ट धरली. तो हट्ट नव्हता. वाहत्या पाण्यातून त्या गुडघ्यांनी चालायचे म्हणजे काय, हे त्या आमच्याहून चांगले जाणत होत्या. आणि त्या पाण्यापासून त्यांना वाचवणारी एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे हे पाणी खोटे आहे असा विश्वास. अपर्णा रडत नव्हती. ती माझ्या पदराला दोन्ही मुठींनी लोंबकळत होती. खुर्चीचे पाय भिजले.

वाद घालायला वेळ नव्हता. मी खोटे बोलले.

"आई, हिशेब बरोबर आहे. यांनी तिथी चुकीची पाहिली. आज षष्ठी आहे."

सासूबाईंचे ओठ हलले. सहा त्रिक अठरा.

"साडेचार," त्या पुटपुटल्या, आणि मुलाकडे वळल्या. "तिथी बघता येत नाही मेल्या तुला?"

श्रीकांतनी माझ्याकडे पाहिले. पंचांग त्यांनी सकाळीच दोनदा पाहिले होते.

"चुकलो, आई," ते म्हणाले.

त्या लगेच उठल्या.

अपर्णा श्रीकांतच्या खांद्यावर, सासूबाई आमच्या दोघांच्या मध्ये. पाणी मांड्यांवर आले, कमरेवर आले, मग छातीला लागले. तळाचा चिखल पाय सोडत नव्हता. मध्यावर सासूबाईंचा पाय रुतला, त्या खाली गेल्या, आणि क्षणभर माझ्या हातात फक्त त्यांचा अंबाडा होता. मी तोच धरून ओढले. त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांत चिखल होता आणि त्या लहान मुलासारख्या "आई, आई" करत होत्या. मग पायांखाली घट्ट वाळू लागली.

सरूच्या झाडांखाली आम्ही बसलो. श्वास जागेवर येताच सासूबाईंनी मुलाला सुनावायला सुरुवात केली: एवढा साहेब झालास, साधी तिथी पाहता येत नाही, मामंजी असते तर उभे केले नसते.

"आज्जी, मला शिकव ने हिशेब," अपर्णा म्हणाली. "पुढच्या वेळी तिथी मी बघीन."

पाण्यात वाटली नव्हती इतकी भीती मला त्या क्षणी वाटली.

"अपर्णा, आज द्वितीयाच आहे," मी म्हणाले. "बाबांनी तिथीही बरोबर पाहिली आणि हिशेबही बरोबर केला. आणि आपण बुडत होतो. तो हिशेब इथला नाही."

"शैलजा, आत्ता नको," श्रीकांत हळूच म्हणाले.

"आत्ताच."

सासूबाईंनी समुद्राकडे पाहिले. उंचवटा कुठेच नव्हता; तपकिरी पाणी अजून चढत होते. त्यांचे ओठ पुन्हा हलू लागले, बे त्रिक सहापाशी अडखळले आणि थांबले. मघाशी खुर्ची धरली होती तसे त्यांनी अपर्णाचे मनगट पकडले, इतके घट्ट की ती कळवळली. मी त्यांची बोटे सोडवू लागले, ती सुटेनात.