वाळूचा ओरखडा

चिगुसाच्या पत्राला मी दोन महिने उत्तर दिलं नव्हतं. वारलेल्या सासऱ्यांचा कॅमेरा तिनेच माझ्या दुकानात साफ करायला आणला होता. घरी नेल्यावर लेन्सवर ओरखडा दिसला. "मीच ती बाहीला पुसली, असं सासूबाई म्हणतात. कॅमेरा तुमच्याकडे आला तेव्हा ओरखडा होता का, एवढंच लिहा," असं तिने विचारलं होतं.

नव्हता. आमच्या तोत्तोरीत वाळूच्या टेकड्या गावाला लागूनच आहेत. लेन्सवर आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मगच पुसायची, हे चाळीस वर्षं मीच गिऱ्हाइकांना सांगत आलोय. त्या दिवशी समोर पुस्तक उघडं होतं. वाळू न उडवताच मी फडकं फिरवलं.

काल बायको बाजारातून आली.

"अहो, ती चिगुसा भेटली. सासऱ्यांच्या तसबिरीपुढे भातसुद्धा ठेवू देत नाही सासू तिला. म्हणते, तुझ्या हाताला वळण नाही."

"लिहितोय गं मी. शब्द जुळत नाहीत."

"एवढी पुस्तकं वाचलीत, त्यात 'चुकलो' कुठे सापडलं नाही होय?"

आज सहा कागद फाडले. सातव्यावर लिहिलं की ओरखडा माझ्या हातून पडला, सूनबाईंचा काही दोष नाही. यानंतर गावात कोण मला लेन्स देईल, ठाऊक नाही. पाकिटावर मात्र चिगुसाचं नव्हे, तिच्या सासूचं नाव घातलं आणि चौकातल्या लाल पेटीत टाकलं.