उद्याचं पाणी

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात शहर करमाडच्या दिशेने पसरत चाललं होतं आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा येत होतं, तेही मर्जी झाली तर. सुलेखाच्या कंपनीने पाण्याच्या पाळीचा मेसेज पाठवणारा प्रोग्राम लिहिला, जावा या संगणकाच्या भाषेत. पाळीच्या आदल्या दिवशी तो आपणहून जागा होणार आणि गल्लीला कळवणार. तो वेळेवर जागा होतो का, हे तपासायचं काम सुलेखाचं.

आता त्यासाठी आठवडा आठवडा कोण वाट बघत बसणार? तिने प्रोग्रामला खोटं घड्याळ दिलं आणि काटे पुढे ढकलले. प्रोग्रामचा महिना सरला तरी तिचा चहा गरमच होता. मेसेज पोचतो का बघायला एक खरा नंबर हवा होता; तिने सासूबाईंचा टाकला. त्यात तिचा स्वार्थही होता. लग्न झाल्यापासून लीलाबाईंनी सुनेच्या शब्दावर काडीचा विश्वास ठेवला नव्हता. भात शिजला म्हटलं तरी त्या शीत दाबून बघत. निदान आपलं काम तरी त्यांना पटावं, असं सुलेखाला मनापासून वाटे.

मेसेज पोचले. चाचणी पास झाली.

संध्याकाळी ती घरी आली तर अंगण धुतलेलं, दोन्ही पिंपं पालथी, आणि लीलाबाई चिंचेने हंडा घासत बसलेल्या.

"आत्याबाई, पाणी कुठंय?"

"ओतलं. उद्या नवं येणारे, मंग शिळं काहून ठेवायचं?" त्यांनी फोन पुढे केला. "चार येळा सांगितलं यानं."

उद्या होता तो प्रोग्रामच्या घड्याळातला. गल्लीची पाळी तर कालच होऊन गेली होती.

"तुम्ही फोनचं ऐकलंत?"

"फोनचं कशाला? शेजारची चतुराबाई म्हणली, खरं कशावरून? म्या म्हणलं, माझ्या सुनेनं केलंय ते, खोटं कसं असंल! मंग समद्यांनीच ओतलं."

सुलेखाने बाहेर पाहिलं. अख्खी गल्ली ओली होती. तिला रडू आलं. हे वाक्य ऐकायला तिने किती वर्षं काढली होती. मग तिने डोळे पुसले.

"आत्याबाई, तो मेसेज खोटा होता. उद्या पाणी येणार नाही."

लीलाबाईंनी तिच्याकडे नेहमीच्याच नजरेने पाहिलं.

"काही बी बोलू नको," त्या म्हणाल्या आणि घासलेला हंडा नळाखाली लावायला गेल्या.