भीमराजची डाय

“ओ, ती खाली ठेवा! ती कंपनीची नाही, माझी आहे!”

भीमराज ओरडला तेव्हा डाय, म्हणजे प्रेस मशीनमध्ये पत्र्याला आकार देणारा पोलादी साचा, साखळीला लटकून टेम्पोच्या दिशेने निघाली होती.

चाकणच्या कंपनीने ब्रॅकेटचं काम दुसऱ्याला दिलं होतं. आपली जुनी डाय कंपनी परत नेणार, हे त्याला ठाऊक होतं. पण ही दुसरी त्याने स्वतः घडवलेली. जुन्या डायवर पत्र्याची कड फाटायची. भोसरीच्या या गाळ्यात महिनोन्महिने खपून, पदरचं पोलाद घालून त्याने तो दोष काढला होता.

कंपनीच्या रविराजने करार पुढे केला. “भीमराजभाऊ, हे कलम बघा. आमच्या पार्टसाठी बनवलेली प्रत्येक डाय, तिच्यातली प्रत्येक सुधारणा, कंपनीच्या मालकीची.”

भीमराजने वाचलं. पुन्हा वाचलं. खाली सही त्याचीच होती. ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात, पेढे वाटता वाटता ठोकलेली.

“पण तुमचे साहेब म्हणाले होते, नुसती फॉर्मॅलिटी आहे...”

“म्हणाले असतील. लिहिलेलं नाही ना, भाऊ.”

गाळ्यातला कामगार सिद्धेश टेम्पोसमोर आडवा उभा राहिला.

“बाजूला हो,” भीमराज कसाबसा म्हणाला. “सही माझी आहे.”

मग चिंधी घेऊन त्याने डायला सगळीकडून ग्रीस चोपडलं. तिकडे पडून राहिली तर गंजायला नको.

नंतर कित्येक दिवस तो गाळ्यात येऊन नुसता बसायचा. त्याची बायको कस्तुरा एकदाच बोलली, “चोरी झाली असती, तर तक्रार तरी करता आली असती.”

दिवाळीनंतर आकुर्डीच्या नव्या गिऱ्हाइकाचा माणूस करार घेऊन आला. पेनचं टोपण काढून म्हणाला, “शेवटच्या पानावर सही केली की झालं.”

कस्तुराने खुर्ची ओढली. “पहिल्यापासून वाचा. आणि मराठीत सांगत जा.”

“वहिनी, सगळ्यांना हाच करार असतो.”

“असू दे. यांनी केलेली सुधारणा यांचीच राहील, एवढं त्यात लिहायचंय.”

“साहेबांना विचारावं लागेल.”

“विचारा की. आम्ही बसलोय.”

तो बाहेर जाऊन फोनवर बराच वेळ बोलला. आत आला तो कपाळ पुसत. “लिहा म्हणाले.”

तो पहिलं पान वाचू लागला. भीमराज उठला आणि नीट ऐकू यावं म्हणून त्याने मागे धडधडणारा प्रेस बंद केला.