तंबूचं तोंड तळ्याकडे

माणसाने आयुष्यात एकदा तरी छप्पर सोडून आकाशाखाली झोपावं. त्याशिवाय आपण या विश्वात किती क्षुद्र आहोत हे त्याला कळत नाही. मिस्त्रींना मात्र ते कळायला आकाशापर्यंत जावं लागलं नाही. तंबूच्या दांड्यांवरच काम भागलं.

मिस्त्री म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारे. जन्मभर लोकांना वर-खाली पोचवून ते निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात तंबू घेऊन घरी आले. हा तंबू चहा उकळेपर्यंत उभा राहतो, असं दुकानदाराने सांगितलं होतं. त्या दुकानदाराने एक तर चहा केला नसावा किंवा तंबू लावला नसावा. बायकोबरोबर तर नक्कीच लावला नसावा.

बायको म्हणजे सिस्टर. मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरच्या मुख्य सिस्टर होत्या. सर्जनच्या हातात कात्री कधी द्यायची आणि सर्जनला गप्प कधी करायचं, हे त्यांना सारखंच नेमकं कळे. त्या निवृत्त झाल्या, पण थिएटर काही निवृत्त झालं नाही. ते दर उन्हाळ्यात गाडीच्या डिकीतून तळ्यावर येऊ लागलं. गवतावर पांढरा टॉवेल अंथरायचा, त्यावर खुंट्या लहानमोठ्या क्रमाने मांडायच्या. मिस्त्रींनी न बघता नुसता हात मागे करायचा. तळहातावर हातोडी पडायची, मूठ आधी. निघताना सगळं मोजून घ्यायचं. पेशंटच्या पोटात काही राहता कामा नये, तसं तळ्याकाठच्या जमिनीच्या पोटातही राहता कामा नये.

आणि हे चालू असताना तोंडाचा पट्टाही चालू.

"अरे मिस्त्री, खुंटी तिरकी ठोक! भिंतीवर फोटो लावतोयस का?"

"कापड उलटं आलंय. बनियनपण असंच घालतोस."

"तंबूचं तोंड तळ्याकडे! मी काय झुडपं बघायला आले?"

आजूबाजूच्या तंबूंतली मंडळी खुर्च्या वळवून बसत. एका उन्हाळ्यात तर तंबू उभा राहिल्यावर टाळ्या पडल्या. मिस्त्रींनी वाकून नमस्कार केला आणि वाकताना दोरीत पाय अडकून तंबू पाडला. त्या रात्री ती दोघं गाडीत झोपली आणि सिस्टर पहाटेपर्यंत हसत होत्या.

बाहेरच्याला वाटे, बिचारा मिस्त्री. पण मिस्त्रींना यातली मेख ठाऊक होती. सिस्टर परक्याशी फार गोड बोलत. वॉर्डात नव्याने आलेला माणूस, रस्त्यात पत्ता विचारणारा, दारावरचा कुरिअरवाला, सगळे 'भाऊ'. 'भाऊ, जरा बसता का?' 'भाऊ, पाणी देऊ का?' ज्याला आपला मानलं त्याचाच उद्धार व्हायचा. त्यांच्या आवडत्या सर्जनने त्यांच्या इतक्या शिव्या खाल्ल्या होत्या, की बदली झाली तेव्हा तो रडला.

त्यांची पहिली भेटही अशीच. हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, आत सिस्टर आणि औजारांची ट्रॉली. फटीतून आवाज आला, "भाऊ, जरा लवकर बघता का?" मिस्त्री तेव्हा तरुण होते, घाबरून त्यांच्या हातून पाना दोनदा पडला. मग फटीतून दुसरा आवाज आला, "अरे, झोपलास का तिकडे?" मिस्त्री पुढे सगळ्यांना सांगत, की आमचं लग्न त्या 'अरे'ला ठरलं. त्यानंतर त्यांच्यासाठी 'भाऊ' हा शब्द त्या घरात कधी आला नाही.

गेल्या थंडीपासून घरात कुठलाच शब्द फारसा येत नव्हता.

आधी सिस्टर चष्मा विसरू लागल्या, मग चष्मा कशासाठी असतो ते. एका पहाटे गाऊनवर हॉस्पिटलच्या फाटकाशी सापडल्या. माझी ड्यूटी कुठल्या थिएटरला लावलीय, असं पहारेकऱ्याला विचारत होत्या. पुढे विचारणंही थांबलं. खिडकीशी बसत, बघत आणि कुणी समोर आलं की छान हसत. न्हाणीघरात त्यांना सावरताना मिस्त्री पडले आणि कमरेला पट्टा लागला. तेव्हा मुलगी आली.

मुलगी दातांची डॉक्टर. दुखणारी गोष्ट सांगताना ती 'थोडंसं जाणवेल' म्हणते.

"बाबा, थोडंसं जाणवेल तुम्हाला, पण मी शुश्रूषागृहात जागा बघितलीय. सोमवारी आईला तिकडे न्यायचं."

"तिला करमणार नाही माझ्याशिवाय."

"बाबा, ती ओळखत नाही तुम्हाला."

"काय बोलतेस! चांगली ओळखते."

"कशावरून?"

मिस्त्रींनी पुष्कळ विचार केला. खरं तर पुरावा उलटाच होता. बायको सारखी त्यांच्याकडे बघून गोड हसत होती.

"तळ्यावर ने आम्हाला," ते म्हणाले. "तंबू लावतो. मी तंबू लावतोय आणि ती गप्प बसलीय असं झालेलं नाही कधी. रागावली मला, तर ओळखते असं समज. मग सोमवार रद्द."

मुलीने दात दुखणाऱ्या माणसाकडे बघावं तसं बापाकडे पाहिलं. "आणि नाही रागावली तर?"

"रागावेल ना. तू मला तंबू लावताना पाहिलेलं नाहीस."

शनिवारी ती तिघं तळ्यावर पोचली. ऊन होतं, वारा बेताचा, पाण्यावर दोन होड्या. मुलीने आईची खुर्ची पाण्याकडे तोंड करून मांडली. मिस्त्रींनी पांढरा टॉवेल अंथरला, खुंट्या मांडल्या, हातोडी सिस्टरांच्या हाताशी ठेवली आणि खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसून न बघता हात मागे केला.

काहीच झालं नाही. पट्ट्याखाली कंबर भरून आली तरी त्यांनी हात खाली घेतला नाही. मग तळहातावर हातोडी पडली. मूठ आधी.

"बघितलंस?" मिस्त्री ओरडले. "बघितलंस ना?"

"बघितलं," मुलगी हळूच म्हणाली. "ते हाताला आठवतं, बाबा."

मग मिस्त्री कामाला लागले. इतकी वर्षं जे चुकून चुकत होतं, ते आज ठरवून चुकवायचं होतं आणि ते वाटलं त्याहून कठीण निघालं. शिव्या खाऊन खाऊन हात सरळ झाले होते. त्यांनी पहिली खुंटी मुद्दाम उभी ठोकली. भिंतीवर फोटो लावावा तशी. मागे वळून पाहिलं.

सिस्टर हसल्या.

त्यांनी दुसरीही उभी ठोकली. वरचं कापड उलटं घातलं, शिवणी सगळ्या बाहेर. पलीकडच्या ट्रेलरमध्ये मुक्काम केलेले एक जाडे गृहस्थ न राहवून आले.

"काका, कापड उलटं लागलंय."

"माहीत आहे."

"खुंट्या तिरक्या हव्यात हो. निघतील अशा."

"निघू द्या."

ते गृहस्थ गेले आणि आपल्या बायकोला घेऊन आले. तिनेही दोन चुका काढल्या. होडी बांधणाऱ्याने लांबून एक काढली. सायकलवरून चाललेली एक शाळकरी मुलगी थांबली आणि म्हणाली, "आजोबा, दोरी सैल आहे." तळ्यावरच्या सगळ्यांनी त्या दिवशी मिस्त्रींच्या चुका काढल्या. जिने काढायच्या ती हाताची घडी घालून पाहुणीसारखी बसली होती.

शेवटी मिस्त्रींनी मोठा गुन्हा केला. तंबूचं तोंड फिरवलं. तळ्याकडे नाही, झुडपांकडेही नाही. थेट संडासांच्या रांगेकडे.

हे करताना त्यांना दम लागला. अंगातला सदरा भिजला. तंबू एका कुशीवर कलला होता, उलट्या कापडाच्या दशा वाऱ्यावर हलत होत्या. इतका वाईट तंबू त्या तळ्यावर कधी लागला नसेल. मिस्त्रींनी विचारलं, "सिस्टर, झाला का बरा?"

सिस्टर पाण्याकडे बघत होत्या.

मुलगी मघापासून लांब उभी होती. आता ती खुर्चीपाशी आली, वाकली, आणि आपली पैज आपणच मोडत आईच्या कानाशी म्हणाली, "आई, बघ ना बाबांनी काय केलंय. रागाव ना त्यांना. एकदा रागाव ना गं." तिचा आवाज दातांच्या डॉक्टरचा राहिला नव्हता.

मिस्त्री हातातली हातोडी घेऊन चालत आले आणि शिक्षा घ्यायला उभं राहावं तसे बायकोच्या अगदी समोर उभे राहिले. त्यांची सावली तिच्या मांडीवर पडली.

सिस्टरांचं हसू मावळलं. दोन भुवया हळूहळू जवळ आल्या, मधे ती जुनी उभी आठी पडली. तीच. थिएटरात ती पडली की सगळे हात जागच्या जागी थांबत. मुलीने बापाचं मनगट धरलं. मिस्त्रींनी मान खाली घातली आणि डोळे मिटले. पहिली शिवी कुठली येईल याचा त्यांना अंदाज होता.

सिस्टरांनी मान एका बाजूला केली, मग दुसऱ्या बाजूला. मिस्त्री मधे येत होते. थंडीपासून न वापरलेला आवाज त्यांनी खाकरून मोकळा केला.

"भाऊ," त्या फार गोड आवाजात म्हणाल्या, "जरा बाजूला होता का? पाणी दिसत नाही."