पुसलेल्या टेपवरची शिट्टी

आधीच सांगून ठेवतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आजवर कोणाचाच बसलेला नाही. मेलेल्या माणसाची शिट्टी पुसलेल्या टेपवर वाजली, नागपूरच्या महाल भागात, भर दुपारी, आणि ती ऐकणारा मी तुमच्यासमोर बसलो आहे. ज्यांना उठायचं असेल त्यांनी आत्ताच उठावं.

रंगीत टीव्ही नवे नवे आले होते तेव्हाची गोष्ट. नत्थूजीनं सायकलचं दुकान बंद करून तिथं व्हिडिओ लायब्ररी उघडली. एवढीशी जागा, मध्ये एक पडदा, पडद्यामागं कॅसेटींची मांडणी. मुंबईहून रेल्वेच्या पार्सलानं खोकं येई. पण नत्थूजी लगेच सुतळी कापत नसे. आधी प्रत्येकानं खोक्यावर हात ठेवून सांगायचं, आत कोणता पिक्चर निघेल. ज्याचं खरं ठरेल त्याच्या घरी कॅसेट पहिली जायची.

तहसील कचेरीतले बाबाराव या कामात सगळ्यात पुढं. खोक्याला कान लावत, हलवून पाहत, वाससुद्धा घेत.

"मारामारीचा हाय," ते म्हणत. "जड लागून राहिलं."

"मारामारीनं खोकं जड होते काय, बाबाराव?" नत्थूजी विचारे. "मंग रडारडीचा असन तं ओलं लागन!"

सगळ्यांना हवा होता तो मात्र एकच, डाकूचा. नाव सांगत नाही, नाहीतर तुम्ही शोधत बसाल. तसा तो लायब्ररीत होता, पण कसा? कोणीतरी आखातातून आणलेला कॅमेरा शालीत लपवून आपल्या नागपूरच्याच एका टॉकीजमध्ये नेला होता आणि पडद्यावरून पिक्चर उतरवून घेतला होता. हीरो तिरपा, पुढच्या रांगेतली डोकी मध्ये, कोणाचा खोकला, कोणाच्या लेकराचं रडणं, सारं त्यात. चांगली प्रिंट यावी म्हणून बाबारावांनी टेकडीच्या गणपतीला नारळ कबूल केला होता.

आता वसंत. आमच्याच गल्लीतला, इतवारीत एका धान्याच्या गोदामात हमाल. दोन बोटं तोंडात घालून त्यानं शिट्टी मारली की शुक्रवारी तलावावरचे बगळे उडून थेट अंबाझरीच्या तलावावर जाऊन बसत. एकदा तर उभी मालगाडी त्याची शिट्टी ऐकून निघाली आणि गार्ड फलाटावरच राहिला. खोटं वाटत असेल तर गार्डाला विचारा. आता तो वारला म्हणा.

एका सकाळी गोदामात पोत्यांची थप्पी कलली. वसंत खाली होता. पोती उचलायला हमाल कमी पडले नाहीत, वेळ कमी पडला. मी तिथं गेलो होतो. त्यावर मला काही रचून सांगता येत नाही.

त्याची आई जयवंता. नवरा आधीच गेलेला, बिड्या वळून पोट भरायची. वसंतला जाऊन काही महिने झाले असतील. पावसाची सर आली म्हणून ती बिडीच्या पानांचं सूप घेऊन नत्थूजीच्या दुकानात आडोशाला शिरली. टीव्हीवर तोच तिरपा पिक्चर चालू होता. त्यात डाकू आपल्या आईसमोर बंदूक खाली टाकतो. संगीत बंद, बोलणं बंद, अख्खी टॉकीज चिडीचूप. आणि त्या शांततेत कोणीतरी शिट्टी मारतं. मागोमाग दुसरा ओरडतो, "बस ना बे खाली!" आणि सारी टॉकीज हसते.

जयवंताच्या हातातलं सूप पडलं. पानं ओल्या फरशीवर पसरली.

"वसंता हाय," ती म्हणाली. "माहा वसंता हाय तो."

बाबाराव हळूच म्हणाले, "टॉकीजात हजार माणसं असतेत, बाई."

"हजाराची माय नाई मी."

 नत्थूजीनं मुकाट्यानं टेप मागं घेतली आणि पुन्हा लावली.

तेव्हापासून ती रोज दुपारी यायची. टीव्हीसमोरच्या स्टुलावर बसायची, शिट्टी ऐकायची आणि उठून जायची. "घरी फोटो हाय ना वं त्याचा," मी एकदा म्हणालो. ती म्हणाली, "फोटोत मुका हाय तो." नत्थूजी कुरकुरायचा, एकाच जागी टेप घासून राहिली, पट्टे येऊन राहिले. पण लावायचा.

एकदा खोकं आलं तेव्हा ती तिथंच होती. बाबाराव म्हणाले, "ठेवा तुमीबी हात. सांगा, कोणता येईन?"

तिनं खोक्यावर हात ठेवला. "डाकूचा चांगला येऊ नये."

"अवं काहून? सारे लोक नवस बोलून राहिले अन् तुमी..."

"चांगला आला तं हे खराब कोण ठेवन?"

नत्थूजी हसला. "तुमच्यासाठी ठेवीन ना, माय. मी कोठं पळून चाललो?"

आणि तो आला. बाबारावांनी वास घेऊन सांगितलं आणि खरंच निघाला, डाकूचा, मूळ प्रिंट. पेढे आले. लग्नसराई तोंडावर, मांडवामांडवातून मागणी. एका कॅसेटनं भागणार नव्हतं. नत्थूजीनं दोन मशिनी तारेनं जोडल्या, मांडणीतून हाताला लागेल ती कॅसेट ओढली आणि दुसरी कॉपी काढायला लावली. आम्ही सारे समोर बसून पाहत होतो. काय चित्र होतं! हीरो सरळ उभा, मध्ये कोणाचं डोकं नाही. डाकूनं बंदूक टाकली. शांतता पडली, आणि शांतताच राहिली.

बाबारावांच्या हातातला पेढा तोंडापाशीच थांबला.

"नत्थूजी," ते म्हणाले, "कोणत्या कॅसेटवर उतरवून राहिला गा तू?"

नत्थूजीनं मशीन बंद केली. कॅसेट काढून पाहिली. तीच होती, तिरप्या पिक्चरची.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयवंता आली, पदरानं घाम पुसत स्टुलावर बसली आणि म्हणाली, "लावा."  नत्थूजी मान वर करीना. बाबाराव कचेरीत काम आहे म्हणून निघून गेले. शेवटी सांगायचं माझ्यावर आलं. मी सांगितलं.

ती रडली नाही. टीव्हीच्या काळ्या काचेकडं पाहत राहिली. काचेत तिचंच तोंड दिसत होतं. तसं तोंड मी गोदामाच्या दारात पाहिलं होतं. ते दुसऱ्यांदा पाहवेना.

"पण आवाज नाई पुसत, जयवंता," मी म्हणालो. "चित्र पुसते. आवाज टेपच्या हाडात जाऊन बसते. अमरावतीच्या एका वकिलाची बायको मेल्यावर त्याच्या टेपवर सात वर्षं भांडून राहिली होती."

"खरं सांगून राहिले, बापूजी?"

"खोटं असन तं जीभ झडो माही."

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग टीव्हीकडं वळली. "लावा."

नत्थूजीनं पुसलेली कॅसेट घातली आणि पिक्चर त्या जागेच्या थोडा अलीकडं आणून सोडला. मी पडद्यामागं गेलो. कॅसेटी नीट लावायच्या होत्या, कोणीतरी लावायला नकोत? मागं अंधार होता, बल्ब उडालेला. तिथून चित्र दिसत नाही, पण ऐकू सारं येतं. घोड्याच्या टापा आल्या. डाकूच्या आईचा आवाज आला. ती त्याला हाक मारत होती. हाक अर्ध्यावर तुटली आणि सारं चिडीचूप झालं.

आणि वाजली! देवाशपथ सांगतो, शिट्टी वाजली. बगळे उडवणारी, मालगाडी हलवणारी. मागोमाग "बस ना बे खाली!" तेही आलं, थोडं नाकातून आलं, पण आलं. टेपच्या हाडातून आलं. पुढं टॉकीज हसली नाही एवढंच. मी श्वास धरून ऐकत उभा होतो. पलीकडं कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, पटलं तिला.

मग स्टूल सरकल्याचा आवाज झाला.

"बापूजी, बाहेर या," जयवंता म्हणाली. "लाइट गेली हाय. टीवी कवाचा बंद हाय."